अण्णानं पाहिलेले तारे

माझ्या थोरल्या भावानं पहिल्यांदा तारे पाहिले तेव्हा त्याची तिशी उलटून गेली होती, आणि तेही त्यानं आकाशात नव्हे, संगणकाच्या पडद्यावर पाहिले.

निपाणीत त्याचा फोटो स्टुडिओ होता. लग्न, साखरपुडा, वास्तुशांत, शाळांचे ग्रुप फोटो, अर्जाला चिकटवायचे चेहरे, पडेल ते काम तो करायचा. मी त्याच गावात हायस्कूलला विज्ञान शिकवते. शाळा सुटली की घरी जाताना स्टुडिओत डोकवायची माझी सवय होती. त्या दिवशी गेले तर अण्णा पडद्याला नाक लावून बसला होता. आदल्या संध्याकाळी चिकोडी रस्त्याला एका नव्या बंगल्याची वास्तुशांत होती आणि रोषणाई केलेल्या बंगल्याचा फोटो मालकाला हवा होता. अण्णानं कॅमेरा ट्रायपॉडवर लावला, रिमोटचं बटण दाबून शटर उघडलं आणि नेमका करंट गेला. अंधारात अण्णाला काहीच दिसत नसे. तो बटण तसंच दाबून जागच्या जागी उभा राहिला. जनरेटर लावा म्हणून लोकांची ओरड सुरू झाली तेव्हा कुठं त्यानं ते सोडलं.

फोटोत बंगला काळाठिक्कर आला होता. वरच्या अर्ध्या भागात पांढरे ठिपके होते.

"सेन्सरवर धूळ बसलीय," तो म्हणाला. "कोल्हापूरला पाठवून साफ करून घ्यायला पायजे."

मी वाकून बघितलं. तीन ठिपके एका ओळीत, त्यांच्या चार बाजूंना चार. दरवर्षी सातवीच्या वर्गात मी फळ्यावर काढते ती आकृती.

"धूळ न्हाय अण्णा. तारे हायत हे. मृग नक्षत्र हाय."

त्यानं फोटो मोठा केला आणि एका कोपऱ्यापासून सुरुवात करून हळूहळू दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सरकवत नेला. त्याला एका वेळी पडद्याचा थोडाच भाग दिसायचा, त्यामुळं कुठलाही फोटो तो असाच, तुकड्यातुकड्यानं बघायचा.

"एवढे असत्यात?" त्यानं विचारलं.

"याच्यापेक्षा लई जास्ती. हे गावाच्या उजेडातनं आलेले."

"रोज?"

"ढग नसले की रोज."

बाहेर पासपोर्ट फोटोसाठी एक बाई येऊन उभी होती. अण्णा उठला, तिला स्टुलावर बसवलं, पदर नीट करायला सांगितलं, फोटो काढला. मग परत येऊन त्या काळ्या फोटोसमोर बसला. तारे म्हणजे शाळेच्या पुस्तकात असतात तसे पाचपंचवीस असणार आणि लोक उगीच वाढवून बोलतात, असं आपल्याला वाटायचं, हे त्यानं मला त्या दिवशी सांगितलं. चंद्र त्याला दिसत असे. शुक्र एकदोनदा दिसल्यासारखा वाटला होता.

लहानपणी त्याचं हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, याला आमचं घरही थोडं कारण होतं. आम्ही जैन. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, त्यानंतर ताट मांडायचं नाही. संध्याकाळी आवराआवर झाली की दिव्याखाली अभ्यास आणि मग झोप. अंधारात जायचं कामच पडत नसे. तो तिन्हीसांजेला भिंतीला हात लावून चालतो, खेळ रंगात आला असताना आधीच घरी येऊन बसतो, हे आईनं बघितलं होतं. पण शहाणा मुलगा म्हणून तिनं त्याचं कौतुकच केलं. एकदा चिकोडीकडच्या मामाच्या गावी रात्री तो गोठ्याशेजारच्या खड्ड्यात पडला, तेव्हा आमच्या वडिलांना शंका आली. रातांधळेपणा आहे, गाजरं द्या, असं कुणीतरी सांगितलं. गाजर म्हणजे कंदमूळ, ते आमच्या घरात येत नसे. आईनं काही दिवस मनाशी झगडत काढले आणि मग गाजरं आणली. मागच्या पडवीत वेगळ्या विळीवर ती चिरायची आणि अण्णाला तिथंच बसून खायला लावायची. त्याचं प्रायश्चित्त म्हणून तिनं स्वतः तूप सोडलं, ते कायमचं. गाजरांचा काही उपयोग झाला नाही. आपण उशिरा सुरू केलं, आणि कमी दिलं, असं आई शेवटपर्यंत म्हणत राहिली.

खरं काय ते आई गेल्यावर कळलं. तोवर अण्णाचं लग्न होऊन मुलगी तीनेक वर्षांची झाली होती. दिवसाउजेडी बाजारात एका मोटरसायकलवाल्यानं बाजूनं येऊन त्याला धडक दिली. तो मोटरसायकलवाला रडकुंडीला येऊन सांगत होता की मी हॉर्न वाजवला, हात केला, यांनी बघितलंच नाही. मग आम्ही त्याला बेळगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी डोळ्यात थेंब घालून बराच वेळ तपासलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या पेशी कडेकडून मरत चालल्या आहेत, असं त्यांनी सांगितलं. आधी रात्रीचं दिसणं जातं, मग बाजूचं, आणि नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं उरतं. तेही पुढं जाईल. कधी, ते सांगता येत नाही. जन्मतःच रक्तात असलेली गोष्ट आहे. औषध नाही.

"औषध न्हाय तर चष्मा तरी द्या," अण्णा म्हणाला.

डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर लिहून दिला. मी थेंब आणायला खाली औषधाच्या दुकानात गेले. परत आले तेव्हा अण्णा बाहेर बाकावर येऊन बसला होता. आणखी काही म्हणाले का, असं मी विचारलं. काही नाही, असं त्यानं सांगितलं.

त्यानंतर मला येणारी स्थळं हळूहळू थांबली. कारण कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

वैनीचं सांगायला पाहिजे. वैनी म्हणजे आमच्या मामाचीच मुलगी. त्यांच्या घरात कन्नड बोलतात, पण सुट्टीत आम्ही तिथं आणि ती आमच्याकडं, त्यामुळं तिला मराठी लहानपणापासून येत होती. अण्णा खड्ड्यात पडला तेव्हा कंदील घेऊन पहिली धावत गेली ती तीच. त्यानंतर मामाच्या घरी असलो की रात्री परसात जाताना ती त्याचा हात धरून न्यायची. ते सगळं बघूनच पुढं दोन्ही घरांनी सोयरीक ठरवली. मामाची मुलगी करणं आमच्याकडं चांगलंच मानतात. आपल्या पोराला सांभाळून घेणारी आपलीच पोरगी मिळाली, म्हणून आई लग्नात किती खूश होती.

तर, त्या धुळीच्या फोटोनंतर अण्णाला नाद लागला. आधी तो स्टुडिओच्या गच्चीवर प्रयत्न करायचा. निपाणीच्या गच्चीवरून फोटो पिवळट यायचे. हमरस्त्याचे दिवे, पेट्रोल पंप, धाबे, सगळ्यांचा उजेड वर जाऊन आभाळाला चिकटलेला. अंधार हवा होता. माझी बी.एड.ची एक मैत्रीण खानापूरच्या पुढं, जंगलाच्या कडेच्या एका गावात शिकवत होती. तिच्या घरामागं भाताची शेतं होती आणि शेतांपलीकडं झाडी. दिवाळीनंतरच्या अमावास्येला आम्ही दोघं तिच्याकडं गेलो. मावळायच्या आत जेवलो आणि भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात जाऊन उभे राहिलो.

गावातल्या लोकांना वाटलं, भाऊ बरोबर आहे म्हणून ही बाई अंधारात जाते. खरं तर अण्णाचा हात माझ्या खांद्यावर असायचा आणि बांध आला की मी "पाय उचल" म्हणायची. कॅमेरा कुठं वळवायचा ते मी बघायची. बाकी सगळं तो हातानं करायचा. कॅमेऱ्याचं प्रत्येक बटण त्याच्या बोटांना पाठ होतं. शटर उघडून ठेवायचं, पण फार वेळ नाही. पृथ्वी फिरत असते, जास्त वेळ ठेवलं की ताऱ्यांच्या रेघा उमटतात. त्याला रेघा नको होत्या. रेघांचे फोटो लोकांना लई आवडतात, असं मी म्हटलं, तर तो म्हणाला, "लोकांनी खरे बघितल्यात. मला आधी खरे बघू दे."

शटर उघडं असताना तो अगदी स्तब्ध उभा राहायचा, जणू श्वासानंही कॅमेरा हलेल. मग खट्ट करून आवाज व्हायचा, थोड्या वेळानं कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर फोटो उमटायचा आणि तो वाकून कपाळ त्याला टेकवायचा. त्या शेतात पहिला फोटो आला तेव्हा त्यात आकाशगंगा होती. झाडांच्या शेंड्यापासून वरपर्यंत, सांडलेल्या पिठासारखी. मी वर बघितलं तर माझ्या डोळ्यांना एक फिकट पट्टा तेवढा दिसत होता. कॅमेऱ्यात आलेलं माझ्यापेक्षा जास्त होतं. मी ते अण्णाला सांगितलं. त्याला त्याचा फार आनंद झाला. म्हणजे आता तुला पण माझ्यासारखंच कॅमेऱ्यात बघायला लागणार, असं तो म्हणाला. त्या रात्री तो इतका बोलला की मैत्रिणीच्या घरी परतल्यावर तिनं मला विचारलं, हे घरी असंच बोलतात का. घरी तो फारसा बोलत नसे.

तीनचार वर्षं आम्ही असं जात राहिलो. पावसाळा संपला की अमावास्या बघून शनिवारी दुपारची एसटी पकडायची, बेळगावला गाडी बदलायची आणि संध्याकाळच्या आत खानापूर गाठायचं. त्या भागात ध्रुव फार खाली, जांभळीच्या झाडांना टेकल्यासारखा दिसतो. तो पकडायला अण्णाला दोन हिवाळे लागले, कारण तिकडं कायम धुकं उतरायचं आणि लेन्सवर दव बसायचं. मी पदरानं लेन्स पुसली की तो चिडायचा. फोटो घरी आणल्यावर रात्रभर नव्हे, पण दिवसाचे कितीतरी तास तो ते बघत बसायचा. लग्नाचे अल्बम मागं पडायला लागले, गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. वैनी त्याला काही बोलली नाही. ती मला एकदा म्हणाली, "बघू दे त्यांना. पुढं कुठं बघायला मिळणाराय."

मुलगी अकराबारा वर्षांची झाली तेव्हा मलाही न्या म्हणून मागं लागली. अण्णा नको म्हणाला. थंडी फार असते, शाळा आहे, एसटीचा प्रवास आहे, अशी कारणं तो देत राहिला. मला त्याचं नवल वाटलं, कारण पोरीवर त्याचा अतोनात जीव होता. शेवटी वैनीच म्हणाली, "न्या की तिला. बाप काय करतोय ते बघू दे पोरीला." तेव्हा त्याचा नाइलाज झाला.

पौषातली अमावास्या होती. मैत्रिणीच्या घरामागं आम्ही तिघं गेलो. माझ्या एका हाताला पोरगी, खांद्यावर अण्णाचा हात. हवा इतकी स्वच्छ होती की आभाळ खाली उतरल्यासारखं वाटत होतं. मी तिला कृत्तिका दाखवल्या, रोहिणी दाखवली. दिसतंय का म्हटलं की ती "व्हय आत्ती" म्हणायची. छान आहे म्हणायची. शिक्षिकेची सवय, मी विचारलं, कृत्तिकांच्या पुंजक्यात तुला किती मोजता येतात बघ. ती थोडा वेळ थांबून म्हणाली, "सात." पुस्तकात सात असतात, ते तिला माहीत होतं. मी तिच्याकडं वळून बघितलं. तिचा चेहरा वर होता, पण भलत्याच दिशेला.

मला तेव्हाही कळलं नाही. थंडीनं कंटाळली असेल असं वाटलं. अण्णानं शटर उघडलं होतं. मी तिचा हात सोडून स्वेटरची चेन लावत होते. ती दोन पावलं पुढं गेली आणि सरळ ट्रायपॉडवर आदळली. कॅमेरा दगडावर पडला.

"कसं पडलं?" अण्णानं विचारलं.

"दिसलं न्हाय आप्पा," ती म्हणाली.

आमच्या दोघांच्या मध्ये, हाताच्या अंतरावर उभा असलेला ट्रायपॉड मला ताऱ्यांच्या उजेडातही दिसत होता. अण्णा खाली बसला आणि चाचपडत कॅमेरा शोधायला लागला. पोरगीही बसून जमिनीवर हात फिरवायला लागली. ते दोघं एकाच पद्धतीनं, तळहात न टेकवता बोटांच्या मागच्या बाजूनं आधी अंदाज घेत, ढेकळं चाचपत होते. कॅमेरा दोघांच्या मधेच पडला होता. मी उचलून अण्णाच्या हातात दिला.

मैत्रिणीच्या घरी पोरगी झोपल्यावर अण्णा ओट्यावर येऊन बसला. मी बेळगावच्या डॉक्टरांचं नाव काढलं.

"मला ठाव हुतं," तो म्हणाला.

मी त्याच्या शेजारी ओट्यावर बसले.

"तिन्हीसांज झाली की ती खेळ टाकून घरात येती. दिव्याखाली येऊन बसती. आई माझं कौतुक करायची तसं हिची आई हिचं करती." मग तो म्हणाला, "डॉक्टरांनी तवाच सांगितलं हुतं. तू थेंब आणायला गेलतीस. नात्यात लग्न झालंय का विचारलं, आन मुलीला एकदा दाखवा म्हणाले."

इतकी वर्षं का नेलं नाही, असं मी विचारलं नाही. नेऊन काय झालं असतं, याचं उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही सगळे बेळगावला गेलो. डॉक्टर तेच होते, केस पांढरे झाले होते. वैनीनं त्यांच्याशी कन्नडमधून बोलायला सुरुवात केली, म्हणून तेही कन्नडमधूनच सगळं समजावत गेले. दोष नवऱ्यामध्ये उघड आहे, तुमच्यात तो झाकलेला आहे, तुम्ही एका रक्ताचे आहात, दोन्हीकडून मिळून तो मुलीत आला. वैनी मान हलवत ऐकत होती. मग तिनं विचारलं की पाचसहा वर्षं आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं का. डॉक्टर म्हणाले, नाही. तिनं परत विचारलं. ते परत नाही म्हणाले. तिनं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि नुसती मान हलवली.

पोरीला डॉक्टरांनी बाहेर थांबायला सांगितलं नव्हतं. ती माझ्या शेजारीच बसून होती. कन्नड तिला आमच्यापेक्षा चांगलं येतं.

अण्णाला आधीपासून माहीत होतं, हे वैनीला त्यानंच सांगितलं. परतीच्या एसटीत, संकेश्वरच्या जवळपास. ती खिडकीकडं तोंड करून बसली होती, तशीच बसून राहिली. घरी आल्यावर तिनं हातपाय धुतले, मावळायच्या आत सगळ्यांना वाढलं, स्वतः जेवली नाही. ती कधी त्याच्यावर ओरडली नाही. ओरडायला काही जागाच नव्हती, कारण त्यानं लपवलं म्हणून काही बिघडलं असं म्हणता येत नव्हतं. खरंच काही बिघडलं असतं तर निदान भांडण तरी झालं असतं, असं मला अजून वाटतं. ती त्याचं सगळं करते, चहा हातात देते, कपडे काढून ठेवते. फक्त पूर्वी रात्री त्याचा हात धरायची, आता धरत नाही. खुर्चीची पाठ कुठं आहे ते तोंडानं सांगते.

कॅमेऱ्याची लेन्स फुटली होती, ती बदलून घेता आली असती. अण्णानं बदलली नाही. लग्नाची कामं त्यानं आधीच कमी केली होती, कारण मंडपात आता तो माणसांवर आदळायला लागला होता. पुढच्या दिवाळीपर्यंत स्टुडिओही बंद झाला. मधल्या उरलेल्या नजरेवर मोतीबिंदू आला. त्याचं ऑपरेशन केलं, थोडे महिने जरा उजळ वाटलं, मग तेही ओसरलं.

मला राहवत नव्हतं. पोरीचं बाजूचं आणि मधलं दिसणं अजून चांगलं होतं. अण्णानं ज्या वयात कॅमेऱ्यात तारे बघितले त्याच्या कितीतरी आधी ती बघू शकत होती. मी लेन्स दुरुस्त करून आणते, आपण तिला खानापूरला नेऊ, तू सांग आणि ती कॅमेरा लावेल, असं मी त्याला म्हटलं. रविवारची दुपार होती. वैनी देवळात गेली होती आणि पोरगी आतल्या खोलीत मोठ्यानं पाठांतर करत होती.

"नको," तो म्हणाला.

जे दिसतंय तेवढं तरी तिला दिसू दे, असं मी म्हटलं. तुला किती आनंद झाला होता ते आठव, असंही म्हटलं.

"झाला की. लई झाला." तो आवाज खाली आणून बोलत होता. "आन आता? मला आधी म्हायतच नव्हतं वर काय हाय ते. तवा मी बरा हुतो गं. बघितलंच नसतं तर काय गेलं तेबी कळलं नसतं. तिला कशाला दाखवायचं?"

विज्ञानाची शिक्षिका म्हणून माझ्याकडं बोलण्यासारखं पुष्कळ असायला हवं होतं. मी फक्त म्हटलं, की असं बोलू नये.

"खरं सांगतो," तो म्हणाला. "तू मला धूळ हाय म्हणून सांगितलं असतंस तर बरं झालं असतं."

तो हे रागानं म्हणाला असता तर मी विसरून गेले असते. तो अगदी शांतपणे म्हणाला, जेवणात मीठ कमी आहे असं सांगावं तसं. नंतर त्यानं मला विचारलं, की पोरीचं पाठांतर कुठल्या विषयाचं चाललंय. इतिहासाचं, मी सांगितलं.

त्याला न सांगता मी लेन्स बदलून आणली आणि एका हिवाळ्याच्या संध्याकाळी पोरीला घेऊन गावाबाहेर आमच्या शेताकडं गेले. खानापूरला न्यायचं म्हणजे घरात कळलं असतं. हमरस्ता रुंद करण्याचं काम चालू होतं. उंच खांबांवर पांढरे झगझगीत दिवे लागले होते आणि उडालेली धूळ त्या उजेडात तरंगत होती. मी बराच वेळ दिशा बदलून बघितली. आलेल्या फोटोत वरपर्यंत नारिंगी रंग भरला होता. त्यात पाचसात तारे शोधून काढता येत होते. पोरीनं पडदा डोळ्यांजवळ नेऊन बघितला.

"छान हाय आत्ती," ती म्हणाली.

तिला काय दिसलं ते मी विचारलं नाही. तिनंच थोड्या वेळानं मला विचारलं, की आप्पांना कितव्या वर्षी वाचता येईनासं झालं. मी सांगितलं. तिनं मनातल्या मनात हिशेब केलेला मला दिसला. मग उद्या गणिताची चाचणी आहे, घरी जाऊया, असं ती म्हणाली.

आता ती दहावीत आहे. पहिल्या बाकावर बसते. फळ्याच्या कडेला लिहिलेलं तिला दिसत नाही, म्हणून तिचे शिक्षक मधोमध लिहितात. मीही आता माझ्या वर्गात मधोमध लिहिते. अण्णाला उजेड आणि अंधार एवढा फरक कळतो. सकाळी तो दारात खुर्ची टाकून बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पावलांवरून ओळखतो. क्वचित चुकतो. फोटो सगळे एका हार्ड डिस्कमध्ये कपाटात आहेत. घरात कुणी ती लावत नाही, मीही नाही.

परवा कोल्हापूरहून येत होते. दिवस लहान झालेत, निपाणी येईपर्यंत अंधार पडला. एसटी गावात वळताना सेवारस्त्याच्या कडेनं वैनी आणि पोरगी चाललेल्या दिसल्या. शिकवणी सुटली की वैनी तिला आणायला जाते. पोरगी आईच्या दंडाला धरून काहीतरी सांगत होती आणि सांगता सांगता हसत होती. वैनी हसत नव्हती. तिची नजर खाली रस्त्यावर होती. समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे दोघींच्या तोंडावर पडले, पोरीनं डोळे मिटून घेतले, आणि बोलणं मात्र थांबवलं नाही. मी खिडकीतून हाक मारणार होते, तेवढ्यात गाडी पुढं गेली.